डोंबलाचं क्रिकेट

अश्लेषा दहावीत गेली तसं तिच्या वडिलांनी, सुमंतरावांनी, तिचं मैदानावर बॉलिंग टाकणं बंद केलं आणि कॉम्प्युटरवरच्या क्रिकेटची सीडी आणून दिली. "घरात बसून खेळ. अख्ख्या सांगलीत आपल्याकडेच पहिल्यांदा आलीय."

गेम अर्धवटच विकायला काढलेला. बॉलिंग निवडली की पडद्यावर पाटी यायची, 'ही सोय पुढच्या सीडीत.' बॉल पायाशी आला तरी फिल्डर खांबासारखे उभे.

सुमंतराव तासाभरातच भडकले. "डोंबलाचं क्रिकेट हे! बनवणाऱ्यांनी जन्मात कधी बॉल हातात धरला नसेल."

"मी धरलाय," अश्लेषा म्हणाली. "चला मैदानावर."

तिच्या पहिल्याच बॉलवर त्यांचा मधला स्टंप उडाला.



तो पुन्हा जमिनीत रोवत सुमंतराव म्हणाले, "उद्या जरा लवकर येऊ."