तेविसावं पान

"अठराशे अर्ज आणि बारा जागा," भाची म्हणाली. "म्हणजे दीडशेत एक."

"मग आहे की एक," आत्या म्हणाली आणि तिने खळीत ब्रश बुडवला.

बाइंडिंगच्या दुकानात दोघीच होत्या. दुपारचे अडीच वाजले होते. लेखन शिकवणाऱ्या त्या कॉलेजची खिडकी पाचला बंद होणार होती, बसला अर्धा तास लागायचा, आणि भाचीची चाळीस पानांची कथा अजून सुटीच टेबलावर पडली होती. अर्जासोबत कथा बांधून द्यायची, अशी अट होती. घरचंच बाइंडिंग, त्यामुळे ते अगदी शेवटच्या दिवसापर्यंत राहिलं होतं.

भाचीने एका रद्दी कागदावर मधोमध रेघ मारली होती. डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे पडत्या. डावीकडे एकच ओळ होती: साप्ताहिकात एक कथा छापून आली, तीही निम्मी कापून. उजवीकडे मात्र हात मोकळा सुटला होता. गुण बेताचे. बक्षीस एकही नाही. शिफारसपत्र शाळेच्या ग्रंथपालबाईंचं, आणि त्यात कौतुक काय, तर मुलगी पुस्तकं वेळेवर परत करते. मागच्या वर्षी निवडल्या गेलेल्यांपैकी एकीने म्हणे तेराव्या वर्षीच कादंबरी लिहून ठेवली होती.

"तू तरी वाच ना," भाची म्हणाली. "आणि खरं सांग, जमेल का मला."

"मी वाचत नाही. तुला ठाऊक आहे."

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. आत्याच्या हाताखालून हजारो पुस्तकं गेली होती आणि तिने त्यांतली एक ओळ वाचली नव्हती. पानांची जुळवणी करताना तिची नजर फक्त खालच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर असायची. मजकुरात डोकं घातलं की पान चुकलंच, असं तिचं म्हणणं. एका चांगल्या कारागिराला तिने याच कारणावरून जुळवणीवरून उठवलं होतं, आणि तेव्हापासून ते काम कुणाच्या हाती दिलं नव्हतं. पंचवीस वर्षांत चुकलेलं पान दुकानाबाहेर गेलं नव्हतं. या एका गोष्टीचा तिला गर्व होता आणि ती तो लपवायच्या भानगडीत पडत नसे.

भाचीने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. तिला रडूही येत नव्हतं. नुसतं दमल्यासारखं वाटत होतं.

"राहू दे, आत्या. नकोच बांधूस. पुढच्या वर्षी बघू."

"खळ करून झालीय, ती काय फेकून देऊ? जा, वकिलांच्या फायली पोचवून ये. तोवर होतंय तुझं."

वकिलांचं ऑफिस चौकापलीकडेच होतं, पण सही मिळेपर्यंत तिथे पाऊण तास बसावं लागलं. चाळीस पानं म्हणजे आत्याचं वीस मिनिटांचं काम. भाची परतली तेव्हा पानं जेमतेम शिवून झाली होती आणि आत्या आता कुठे पुठ्ठे कापत होती.

"इतका वेळ?"

"सुई मोडली," आत्या वर न बघता म्हणाली.

भाचीने शिवलेली पानं उचलली आणि अंगठ्याने एकेक कोपरा सोडत गेली. एकवीस. बावीस. चोवीस. तेवीस. पंचवीस.

तिने पानं तशीच उघडी आत्यापुढे धरली.

आत्याने बघितलं. चष्मा काढून पदराने पुसला आणि परत बघितलं.

"असं होत नाही," ती म्हणाली. "माझ्या हातून होत नाही."

कथा लिफ्ट चालवणाऱ्या एका बाईची होती. तेविसाव्या पानावर इमारतीचा मालक तिला सांगतो की उद्यापासून येऊ नकोस, आणि ती चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्येच लिफ्ट थांबवते. तिथे पान संपतं. ते शेवटचं वाक्य भाचीने अकरा वेळा खोडून लिहिलं होतं.

"तेवीस हातात होतं," आत्या हळूच म्हणाली. "आता ही करते काय, ते बघायला चोवीस ओढलं. तेच आधी खाली गेलं असणार. मग घड्याळ बघितलं आणि पुढचे नुसते आकडे लावले."

"पण तू तर वाचत नाहीस."

"नाहीच वाचत," आत्या म्हणाली.

भाचीला इतका आनंद झाला की काय करावं ते तिला सुचेना. तिने उगाचच टेबलावरच्या दोऱ्याचं रीळ उचललं आणि परत जागेवर ठेवलं. साडेतीन होत आले होते. आत्याने कात्री घेतली, स्वतःचीच शिवण कापली आणि पानं मोकळी केली.

"खळ वाळायची नाही आता. बसमध्ये मांडीवर आडवं धर, वर पिशवी ठेव. आणि पुठ्ठ्याखाली घालायला एक रद्दी कागद दे."

भाचीने रेघ मारलेला कागद पुढे केला. आत्याने त्यावर पुठ्ठा ठेवून ब्रश फिरवला. जमेची बाजू आणि पडत्या बाजू, दोन्हींवर खळ पसरली.

मग तिने सुट्या पानांचा गठ्ठा भाचीकडे सरकवला.

"जुळवणी तू कर," ती म्हणाली. "मी अजून शेवटाला पोचले नाहीये."