पदरचा शब्द

मुक्तीवर बोलणाऱ्या गुरुजींची भाषा श्रोत्यांना येत नव्हती, श्रोत्यांची गुरुजींना. मध्ये बसायची दुभाषीबाई. गुरुजी "मी" म्हणाले की तीही "मी"च म्हणायची. पदरचा शब्द घालायचा नाही, हा वीस वर्षांचा नेम.

एका आजोबांनी विचारलं, "मीपणा पुरता गेलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय?"

तिनं प्रश्न पोचवला. गुरुजी सहज म्हणाले, "रोज पाहतो. माझं बोलणं तुम्हाला सांगते ना, तीच."

सभेनं कान टवकारले. ती सभेकडे वळली. "नाही," ती म्हणाली, "असा माणूस मी अजून पाहिला नाही."

सभा हिरमुसली. गुरुजींनी नवलानं तिला विचारलं, "एवढं सोपं उत्तर दिलं, मग यांचे चेहरे का पडले?"

वीस वर्षांत पहिल्यांदाच प्रश्न खुद्द तिला होता, आणि उत्तर पदरचंच द्यायचं होतं.