सहा बाजूंचे स्फटिक

१९७२ साली माझ्या थोरल्या बहिणीचा जीव ज्या औषधावर तगून होता, त्याचेच स्फटिक मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत तापवून तपासायचे. सुईसारखे स्फटिक पोटात विरघळत. त्या वर्षी अचानक सहा बाजूंचे चपटे स्फटिक येऊ लागले. ते विरघळेनात, तापवूनही वितळेनात.

“बाई, तुमच्या एप्रनवरून कण गेला असणार. एक पुरतो, बाकीचे त्याच्यासारखेच होतात,” साहेब थकून म्हणाले.

“एप्रन रोज उकळते, साहेब. आता मलाही उकळू का?”

मग मीच पूर्वी सुया भरून मोहोरबंद केलेली बाटली आम्ही फोडली. आतही चपटेच निघाले.

कारखान्याने औषध बंद केलं. साहेब निवृत्त झाले. ताई त्याच हिवाळ्यात गेली. तिच्या पापण्या मिटवायला मी वाकले, तर बुबुळं गोल नव्हती; बाजू मोजल्या, सहा भरल्या.