दोन वैद्य

"योद्धा घ्या सर. लोखंडाचं आंग भेटते," अब्दुल गनी म्हणाला. "या वयात दुसरीकडं कुठं भेटन?"

सदाशिवरावांनी चष्मा पुसून मोबाइलच्या पडद्याकडे पाहिले. चार आकृत्या ओळीने उभ्या होत्या : योद्धा, वैद्य, धनुर्धर, मांत्रिक. एकतीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवलेल्या माणसाला समाजाची अशी वाटणी नवी नव्हती. नवल इतकेच, की इथे जन्माला येण्यापूर्वी ज्याचे त्याला विचारले जात होते.

"योद्ध्याचं काम काय?"

"दोघाइचा मार एकट्यानं खायचा."

"आणि वैद्याचं?"

"मांगं उभं राहून जोडीदाराले जित्ता ठेवायचं."

"मग वैद्य."

"सोचून घ्या सर. दोघाइनं पक्कं केलं की मंग बदलत नाही," गनी म्हणाला आणि उगाचच दुसऱ्या मोबाइलचे झाकण उघडू लागला.

राळेगावच्या बसस्टँडसमोर त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. चार दिवसांपूर्वी तो स्वतः घरी येऊन सांगून गेला होता, की मुलगा अंकुर दोघांनी मिळून खेळायच्या या खेळासाठी जोडीदार शोधतो आहे, अनोळखी असला तरी चालेल. "घरात तोंड उघडत नाही म्हनता ना पोरगा? मंग तिथं बोला, नाव बदलून. मी कोनाले सांगत नाही." सदाशिवरावांनी चिंतामणी हे नाव घेतले. खोटे नाव घेण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती, आणि तेही पोटच्या मुलासाठी.

अंकुर पोळ्याच्या सुमारास पुण्याहून आला होता. सुट्टी किती, हे त्याने सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. मधली खोली रिकामीच होती. पत्नी इंदूबाई गेल्यानंतर श्रावणात सदाशिवरावांनी तिथले सगळे ग्रंथ बोरी अरबच्या वाचनालयाला देऊन टाकले होते, तेही गनीनेच आणलेल्या टेम्पोतून. अंकुरने तिथे संगणक मांडला, दार सताड उघडे ठेवले आणि तो दिवसभर तिथेच बसू लागला. जेवताना वरणाची वाटी सरकवण्यापुरते दळणवळण उरले. बाप-लेकातली दुभाषी गेली होती, आणि दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती.

ते बोंडअळीचे वर्ष होते. बोंड बाहेरून टपोरे दिसे, फोडले की अळी. जिल्ह्यात पथके येत, विष घेऊन मेलेल्या शेतकऱ्यांचे मदतीला पात्र आणि अपात्र असे दोन ढीग लावत, आणि जे अद्याप कोणत्याच ढिगात बसत नव्हते त्यांच्यासाठी पत्रके सोडून जात. 'आपला माणूस ओळखा.' सदाशिवरावांनी पत्रकातल्या शुद्धलेखनाच्या सात चुका तांबड्या शाईने दुरुस्त केल्या, आणि मग त्याच शाईने लक्षणांवर खुणा केल्या. बोलणे कमी होणे. कामधंदा सोडणे. एकांत धरणे. तिन्ही अंकुरला तंतोतंत लागू पडत होती.

ते उठून परसातल्या कोठीकडे गेले. शेत नेमसिंगला मक्त्याने दिलेले होते आणि त्याची फवारणीची औषधे तिथे असत. कडीला नवे कुलूप होते. आपण कशासाठी आलो होतो हेच ते क्षणभर विसरले. किल्ली अंकुरच्या खिशात असणार, आणखी कोणाच्या? विचारण्याचे धैर्य झाले नाही. उत्तर मिळाले असते तर त्याचे काय करायचे, हे कोणत्याही ग्रंथात त्यांनी वाचलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता, समोरच्या खोलीत, त्यांनी खेळ उघडला. पलीकडून 'बोंडअळी' नावाचा खेळाडू आला. विनोद त्यांना आवडला आणि लागलाही. मधल्या खोलीतून कळा दाबल्याचा आवाज येत होता.

'भाऊ, वैद्य मी घेतो,' बोंडअळीने लिहिले.

'वैद्य मी घेतला आहे.'

'सोडा ना. तुमी योद्धा व्हा.'

'वय झालं. मार सोसवत नाही.'

'मी हावो ना मांगं. मरू देत नाही.'

'ते काम मी करीन. तुम्ही तरुण आहात, पुढे व्हा.'

'लय जिद्दी हा राजेहो तुमी. आमच्या घरच्यासारखे.'

पडद्याच्या कोपऱ्यात सूचना लुकलुकत होती : नवख्या जोडीत एक योद्धा, एक वैद्य असावा. तोवर वेस उघडणार नव्हती. दोन वैद्य बंद वेशीबाहेर एकमेकांकडे तोंड करून उभे होते.

'तुम्हाला वैद्यच का व्हायचं आहे?' सदाशिवरावांनी लिहिले.

मधल्या खोलीतला आवाज थांबला. ते खुर्चीतून अर्धे उठले, तेवढ्यात अक्षरे आली.

'घरी एक मानूस हाय. आई गेल्यापासून धड जेवत नाही, बोलत नाही. त्याची भीती वाटते.'

सदाशिवराव खाली बसले. स्वतःविषयी सांगताना माणसे तृतीय पुरुषाच्या आडोशाला उभी राहतात, हे त्यांना चांगले ठाऊक होते. मुलगा अखेर बोलला होता. आता एकही शब्द चुकून चालणार नव्हते.

'त्या माणसाला सांगा,' त्यांनी एकेक अक्षर जपून लिहिले, 'तो एकटा नाही. कोणीतरी रात्रंदिवस त्याच्याकडे लक्ष ठेवून आहे.'

'कसं सांगू? त्याले वाटते, तोच मले सांभाळून राह्यला.'

सदाशिवरावांनी काही लिहिण्यापूर्वीच पुढची ओळ उमटली.

'डॉक्टर म्हणाले, एकटं सोडू नका. म्हणून नोकरी सोडून आलो. बाबा, तुम्ही योद्धा घ्या.'