डावीकडचं दुखणं

“सर, टीव्ही इकडे आणला, तर तुम्ही तिकडे,” सिस्टर म्हणाली. “आज सगळाच उलटा कारभार!”

टेबलावर सर्जनची आई होती, भूल दिलेली. तिचं हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे; आरशात बघावं तसं. सत्तर वर्षं कुणाला पत्ता नव्हता. पित्ताशयात खडे झाले, डाव्या कुशीत दुखायला लागलं, तेव्हा बिंग फुटलं. त्याने दुसऱ्या सर्जनचं नाव सुचवलं होतं. “माझ्या अंगाला तुझाच हात लागेल,” ती म्हणाली. विषय संपला. घरात तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे.

पोटाला चार बारीक छिद्रं पाडून त्याने कॅमेरा आत घातला; टीव्हीवर आतलं चित्र आलं. पण उजव्या हातातलं हत्यार पित्ताशयाच्या नळीपाशी सरळ पोचेना. एक हात दुसऱ्यावर चढला, असिस्टंटला कोपर लागलं.

“सर, डाव्याने बघता का?” असिस्टंट हळूच म्हणाली. “चुकून पित्ताची मोठी नळी कापली गेली तर...”

त्याचे कान तापले. तो जन्माचा डावरा. पहिलीत असताना आईने तो हात रिबिनीने खुर्चीला बांधला होता, तोही शेजारणींसमोर. “अक्षर सुधारेल,” म्हणे. तिचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! पण पन्नाशीतही तो चारचौघांत डाव्या हाताने चमचा उचलत नसे. आता त्याच हाताने तिच्याच पोटात? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण जीव तिचा होता. त्याने हत्यारांची अदलाबदल केली. डावा हात सुटला तो सुटलाच. नळी मोकळी झाली, क्लिपा बसल्या, पित्ताशय अलगद बाहेर आलं.

“हा तर तुमच्या डाव्या हातचा मळ निघाला,” सिस्टर हसली. तो मात्र चोरी करून आल्यासारखा मान खाली घालून निघाला.

आई शुद्धीवर येऊ लागली तेव्हा तो उशाशी बसला होता. ती पहिलं काय विचारणार, हे त्याला ठाऊक होतं. तिने विचारायच्या आतच तो खोटं बोलला.

“आई, उजव्याच हाताने केलं.”

तिने डोळे किलकिले केले. त्याच्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. घाईघाईने तिने आपला डावा हात चादरीखाली लपवला.

“बाबा, बांधू नका ना,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली. “आता नाही लिहिणार ह्या हाताने.”