आठवडाभराचा अबोला

शनिवारी शेवटच्या तासाला सुमतीबाईंनी खडू खाली ठेवला आणि पाचवीच्या वर्गाला सांगितलं, "हेमालीशी धरलेला अबोला आता संपला. बोला तिच्याशी."

कोणीच बोललं नाही. शेजारी बसणाऱ्या यामिनीने आपलं दप्तर तेवढं थोडं सरकवलं.

सोमवारी ही शिक्षा बाईंनीच सुनावली होती. पाढे चालू असताना हेमाली मध्येच गोष्ट सांगायला लागायची, दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणच ठोकून द्यायची, बाक बडवून गाणी म्हणायची. रागावून झालं. वर्गाबाहेर उभं करून झालं, तर ती खिडकीतून बोलायची. मग बाईंनी तीस वर्षांत कधी न चुकलेला उपाय काढला. शनिवारपर्यंत हिच्याशी कोणी बोलायचं नाही, हिला कोणी उत्तर द्यायचं नाही. मारणं नाही, ओरडणं नाही. बुधवारीच वर्ग शांत झाला. मुख्याध्यापिका दारात थांबून मान डोलावून गेल्या, तेव्हा बाईंना बरंच वाटलं होतं.

आता मात्र खाली मान घालून बसलेली हेमाली त्यांना पहिल्यासारखी हवी होती. निदान थोडीशी. त्यांनी तिला टेबलाजवळ बोलावून पाठीवर हात ठेवला. "घरी तरी बोललीस ना भरपूर? आईचं डोकं उठवलं असशील."

हेमालीने नकारार्थी मान हलवली.

"का गं?"

"घरी कोन ना कोन झोपलेलं असतं, बाई." ओठ जेमतेम हलले. "बाबा राहनाळच्या गोडाऊनमधनं सकाळी येतात नि झोपतात. आई संध्याकाळी येते, जेवते नि झोपते. आवाज केला की झोपमोड होते. मी हितंच बोलायची."

बाईंचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला. मग त्यांनी तिला जागेवर पाठवलं आणि वर्गाकडे वळल्या.

"घंटा होईपर्यंत कोणी गप्प बसायचं नाही. मोठ्याने बोला. काय वाटेल ते."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. यातही काही शिक्षा असेल, असं त्यांना वाटलं असावं. मग मागच्या बाकावरून अथर्वने एक हाळी दिली आणि वर्ग उसळला. शेजारच्या वर्गावरच्या बाई घाबरून दारात आल्या. सुमतीबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

यामिनीने हेमालीला काहीतरी विचारलं. हेमालीचे ओठ हलले. यामिनीने कान पुढे केला, पुन्हा विचारलं.

एवढ्या गोंगाटात सुमतीबाई फळ्याशी उभ्या राहून तो एक आवाज ऐकायची धडपड करत होत्या.