दुसऱ्या खुर्चीवरचा सूर

सूर लागला. अगदी अलगद, जिथे लागायला हवा होता तिथेच. फक्त तो सरांचा नव्हता.

तिने क्लॅरिनेट मांडीवर घेतलं आणि उगाचच स्वरलिपीचं पान सारखं केलं. शेजारी, ऑर्केस्ट्रातल्या मुख्य क्लॅरिनेटवाल्याच्या पहिल्या खुर्चीवर, सर नेहमीसारखे ताठ बसले होते. वाद्य ओठांशी, डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, आत्ता हेच वाजवून थांबले.

हिवाळ्यात त्यांचा चेहरा एका बाजूने लुळा पडला होता. महिन्याभरात सावरला, पण ओठांची उजवी कड काही पूर्वीसारखी आवळेना. मोठ्या आवाजाचं निभावून जायचं. हळुवार, नकळत उगवणारा सूर आला, की त्या कडेतून हवा निसटायची. तेव्हापासून असे सूर दुसऱ्या खुर्चीवरून तीच वाजवत आली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला कळलंही नव्हतं. इतक्या हळू वाजणारी दोन क्लॅरिनेट एकात मिसळून जातात, आपला सूर कुठला हे सरांनाही उमगत नसेल, असं ती स्वतःला बजावायची. ते कधी पटायचं, कधी नाही.

"अगं, पाय हलवणं थांबव," पुढच्या रांगेतल्या ओबोवाल्या मावशी मान वळवून कुजबुजल्या. "माझी खुर्ची थरथरतेय. भूकंप झालाय असं वाटून मी मघाशी वरच्या दिव्यांकडे बघितलं."

तिने पाय आवरला. मग बोटं सुरू झाली, चाव्यांवर टकटक, टकटक. शाळा सुटल्यावर ती स्वतः अकरा मुलांना शिकवायची. ती नऊ वर्षांची असताना सरांनी सांगितलेलं तीही त्यांना सांगायची: चुकलेला सूर चालेल, चोरलेला चालणार नाही. हल्ली हे वाक्य आलं की ती घाईघाईने कोणाच्या तरी क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवलेली रीडची पट्टी तपासायला घ्यायची.

"सुंदर!" कंडक्टर म्हणाला. तो याच आठवड्यात आला होता आणि त्याचे कान भलते तिखट होते. "पण व्हायोलिनवाले त्याच्या आधीच घुसताहेत. त्यांना तो सूर नीट ऐकू दे. फक्त पहिलं क्लॅरिनेट. बाकी सगळे गप्प."



दालनात साठ माणसं एकदम चिडीचूप झाली. शेवटच्या रांगेत व्यवस्थापक बाई वही उघडून बसल्या होत्या. पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं आणि कोणाला फुलं देऊन निरोप द्यायचा, ते याच आठवड्यात ठरायचं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलत नव्हतं.

काय करावं? खोकला काढावा? स्टँड पाडावा? चक्कर आल्याचं सोंग करावं? काहीच सुचेना. तिने स्टँडच्या आडून, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, क्लॅरिनेट उचललं. ओठांपर्यंत नेलंही.

"ठेव खाली," सर हळूच म्हणाले.

मग त्यांनी स्वतःचं वाद्य गुडघ्यांवर आडवं ठेवलं आणि कंडक्टरकडे पाहिलं.

"मघाचा सूर आवडला ना तुम्हाला? तो माझा नव्हता. हिचा होता. हिवाळ्यापासून हीच वाजवतेय."

कोणीतरी गज खाली ठेवल्याचा बारीक आवाज झाला. मावशींनी या वेळी मान वळवली नाही.

"सर, तसं काही नाही हो," तिच्या तोंडून निघून गेलं. कान तापले होते. "मी आपली नुसती साथ..."

"बरं, साथ." सर उठून उभे राहिले. "ऊठ आता. इथे बस."

"मी नाही बसणार तिथे."

"हट्ट घरी करायचा. इथे साठ जण खोळंबलेत."

कंडक्टरने काठी खाली घेतली, दोघांकडे पाहिलं. व्यवस्थापक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, तरी तिने बघायचा प्रयत्न केला.

ती उठली. सर तिच्या खुर्चीवर जाऊन बसले, तिचं पान डोळ्यांपासून लांब धरून वाचायला लागले, जणू काल-परवाच या कामावर रुजू झालेत.

त्यांची खुर्ची अजून उबदार होती. स्टँडवर त्यांचं पान होतं. इतकी वर्षं हातभर अंतरावर बसून तिने ते कधी जवळून पाहिलं नव्हतं. कडा मऊ पडलेल्या, जागोजागी खोडून खोडून कागदाला लव आलेली. श्वासाच्या खुणा. त्यांनी स्वतःलाच दिलेल्या ताकिदी: घाई नको. मान वर. डावीकडे बघ.

कंडक्टरचा हात वर गेला आणि तिच्यासाठी थांबला.

ती घाईघाईने ती जागा शोधायला लागली. सापडली. पहिल्या सुराच्या डोक्यावर, सरांच्या तिरक्या अक्षरात, पेन्सिलने लिहिलेलं होतं: "ही वाजवेल."

खाली तारीख होती. आजारपणानंतर सर याच रचनेच्या तालमीला पहिल्यांदा परतले, त्या दिवसाची. त्या सकाळी तालमीला निघेपर्यंत तिने तर काहीच ठरवलेलं नव्हतं.